दाराशी नेऊन परत आणू नका
युरोपच्या सहली काढणाऱ्या पर्यटन कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
युरोप सहली काढणाऱ्या महाराष्ट्रातील पर्यटन कंपन्यांचे संचालक, सहलींचे कार्यक्रम आखणारे अधिकारी आणि सहलींबरोबर येणारे टूर मॅनेजर

सप्रेम नमस्कार.

मी मूळची वाईची. गेली अकरा वर्षे जर्मनीत कोलोन शहरात राहते. ऱ्हाइन नदीच्या पलीकडच्या काठावर माझे घर आहे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून कॅथेड्रलचे दोन मनोरे दिसतात. इथले लोक त्याला नुसते ‘डोम’ म्हणतात, म्हणून मीही पुढे तेच म्हणेन.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी सव्वाअकराला मी डोमसमोरच्या चौकातून जात होते. कानावर मराठी आले म्हणून थांबले. चाळीसेक माणसांचा गट होता, बहुतेक साठीच्या पुढचे. हातात झेंडी घेतलेले टूर मॅनेजर सांगत होते, “वर जाता येत नाही, बंद असतं. हे बाहेरूनच बघायचं असतं. वीस मिनिटं आहेत, फोटो काढा आणि इथंच जमा.” ते हे बोलत असताना, चौकाला वळसा घालून दक्षिणेच्या बाजूला गेले की शंभर पावलांवर, मनोऱ्याच्या दारातून घामेजलेली, लाल चेहऱ्यांची माणसे बाहेर पडत होती. मनोरा उघडा होता. मी स्वतः जाऊन पाहिले.

परत आले तेव्हा साडीवर स्वेटर आणि पायात बूट घातलेल्या एका काकूंनी मला विचारले, “अगं, तू इथलीच का? आत देव कुठला आहे गं?” मी सांगायला सुरुवात केली आणि झेंडी वर झाली. “चला, चला, बस लागलीय.” काकू निघाल्या. जाताना दोनदा मागे वळून त्यांनी वर पाहिले.

त्यांचा प्रश्न अर्धा राहिला. हे पत्र त्यासाठी आहे, आणि माझ्या वडिलांसाठीही.

माझे वडील वाईला शाळेत इतिहास शिकवत. दरवर्षी ते वर्ग घेऊन मेणवलीला जात. कृष्णेच्या घाटावर नाना फडणवीसांच्या वाड्याशेजारी एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि त्या निरनिराळ्या देवळांना गेल्या. मेणवलीची ही त्यातलीच. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. वडील मुलांना रांगेत उभे करून प्रत्येकाचा हात त्या मूर्तीवर ठेवायला लावत. ही जिथून आली त्या जगातली एक तरी घंटा तिच्या जागी टांगलेली पाहायची, असे त्यांच्या मनात कितीतरी वर्षे होते. निवृत्तीनंतर, २०१२ साली, बासष्टाव्या वर्षी त्यांनी आणि आईने युरोपची सहल घेतली. कंपनी कोणती, ते मी लिहिणार नाही, कारण हे पत्र एका कंपनीबद्दल नाही. कार्यक्रमपत्रिकेत ‘कोलोन कॅथेड्रलला भेट’ अशी ओळ होती. तिच्याखाली वडिलांनी पेन्सिलीने रेघ मारली होती. ती पत्रिका अजून घरी आहे.

त्यांनाही ‘वर बंद आहे’ असेच सांगितले गेले. त्यांनी विश्वास ठेवला. खाली उभे राहून फोटो काढला आणि बसमध्ये बसले. पुढे मी इथे आले, स्वतः वर चढले, आणि मनोरा एरवी वर्षभर उघडा असतो हे मला कळले. ते मी त्यांना दोन वर्षे सांगितले नाही. सांगितले तोवर त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडली होती.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार या खोट्याची आहे. वेळ नाही, तर वेळ नाही म्हणा. तिकिटाचे पैसे सहलीत धरलेले नाहीत, तर तसे सांगा. माणसे समजून घेतील, फार तर हळहळतील. पण उघडे दार बंद आहे असे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. जो माणूस आयुष्यात एकदाच येणार आहे, त्याच्यासाठी ते दार तुमच्या एका वाक्याने कायमचे बंद होते.

दुसरी तक्रार ‘भेट’ या शब्दाची. आपल्याकडे कुणाच्या घरावरून गेलो आणि अंगणातूनच परतलो, तर त्याला भेट म्हणत नाहीत. पंढरपूरला गर्दीमुळे किंवा आजारपणामुळे आत जाणे जमले नाही, तर माणसे कळसाचे दर्शन घेऊन परततात आणि ते दर्शन खरेच असते. पण ते त्या माणसाने स्वतः ठरवलेले असते. देऊळ बंद आहे असे सांगून कुणी त्याला कळसावर भागवायला लावलेले नसते. पत्रिकेत ‘भेट’ छापता आणि वीस मिनिटे देता, त्यातली दहा माणसे मोजण्यात जातात. त्याच दिवशी अत्तराच्या दुकानासाठी पाऊण तास असतो. या शहराच्या नावाचे अत्तर जगभर जाते, ते घ्यायला माझी हरकत नाही, पण पाऊण तास तिथे आणि वीस मिनिटे इथे ही वाटणी मला मान्य नाही.

तिसरी तक्रार अशी की, तुम्ही काहीच सांगत नाही. ‘हे जुने चर्च आहे, गॉथिक शैली आहे, युनेस्कोच्या यादीत आहे’, एवढ्यावर माहिती संपते. काकूंनी मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दोन मिनिटांत देता येते आणि ते ऐकून कुणीही मराठी माणूस तिथून हलणार नाही. येशूच्या जन्मानंतर पूर्वेकडून तारा पाहत आलेल्या तीन राजांच्या अस्थी ११६४ मध्ये मिलानहून इथे आणल्या गेल्या, असे मानतात. त्या सोन्याने मढवलेल्या मोठ्या पेटीत वेदीच्या मागे ठेवलेल्या आहेत. त्यांच्या दर्शनाला युरोपभरातून पायी यात्रा येऊ लागल्या, जुने चर्च अपुरे पडू लागले, आणि १२४८ च्या १५ ऑगस्टला नव्याचा पाया घातला गेला. पंढरीची वारी पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आणि मग बांधकाम. वेदीकडचा भाग १३२२ मध्ये पुरा झाला. दक्षिणेकडचा मनोरा जेमतेम एक तृतीयांश उंचीपर्यंत वर गेला. १५६० मध्ये काम थांबले ते थांबलेच. अर्धवट मनोऱ्यावर दगड उचलायची लाकडी यारी तशीच राहिली, सुमारे तीनशे वर्षे. पिढ्यान्‌पिढ्या या शहराच्या चित्रांत ती यारी दिसते. १८१४ मध्ये दर्शनी भागाच्या मूळ नकाशाचा एक तुकडा डार्मस्टाट गावात सापडला, दुसरा दोन वर्षांनी पॅरिसमध्ये. चर्मपत्रावरचा चार मीटरहून उंच नकाशा, आणि तो पुन्हा जुळला. १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झाले, त्याच जुन्या नकाशाप्रमाणे, आणि १८८० मध्ये पुरे झाले. सहाशे बत्तीस वर्षे. तेव्हा १५७ मीटर उंचीची ही जगातली सर्वांत उंच इमारत होती.

तुमच्या प्रवाशांपैकी कितीतरी जणांचे आयुष्य मुंबईत व्हीटीच्या टोकदार कमानींखालून लोकल पकडण्यात गेलेले असते. ते स्टेशन बांधायला १८७८ मध्ये सुरुवात झाली, तेव्हा इथे मनोऱ्यांचे शेवटचे दगड चढत होते. पावसाचे पाणी तोंडातून सोडणारे जे दगडी प्राणी व्हीटीच्या भिंतींवर आहेत, त्यांची परंपरा या अशा कॅथेड्रलांमधून आलेली आहे. हे सांगितले तर माणूस परत गेल्यावर आपल्या स्टेशनकडेही मान वर करून पाहील. बसमध्ये माईक तुमच्याच हातात असतो. आम्सटरडॅमहून इथपर्यंत यायला जवळजवळ तीन तास लागतात. त्यातला अर्धा तास यासाठी का देता येऊ नये?

पण मला जास्त लिहायचे आहे ते मनोऱ्याबद्दल, कारण तोच तुम्ही नाकारता.

दक्षिणेच्या मनोऱ्याच्या पायाशी जमिनीखाली वाट आहे. मनोऱ्याच्या जाड दगडी पायाला भोक पाडून ती काढली आहे, त्यामुळे पहिल्या पावलापासूनच आपण दगडाच्या पोटात शिरतो. मग गोल जिना. पायऱ्या अरुंद, वर जाणारे आणि खाली येणारे एकाच जिन्यावर, म्हणून दर वळणावर कुणीतरी भिंतीला टेकून वाट देतो. सगळे एकमेकांकडे पाहून हसतात, कारण दम सगळ्यांनाच लागलेला असतो. मध्येच एक चिंचोळी खिडकी येते, वारा लागतो, आणि मघाशी मान वर करून पाहिलेले दगडी कळस आता समोर असतात.

सुमारे ५३ मीटरवर घंटाघर येते. जुन्या माणसांचे बांधकाम जिथे थांबले होते, ते जवळजवळ इथेच. इथपर्यंत तुम्ही मध्ययुगातून चढलेले असता, इथून वर एकोणिसाव्या शतकातून चढता. आणि मध्ये या घंटा. त्यातली ‘प्रेत्सिओसा’ १४४८ ची. म्हणजे कोलंबस अमेरिकेला पोचायच्याही आधीपासून ती वाजते आहे.

सर्वांत मोठी घंटा संत पीटरच्या नावाची. इथले लोक तिला लाडाने ‘डेके पिटर’ म्हणतात, म्हणजे जाडा पीटर. वजन २४ टन. १९२३ मध्ये आपोल्डा गावात ओतलेली. आपल्याकडे घंटा स्थिर असते आणि आपण आतला लोलक हलवतो. इथे उलटे. चोवीस टनांची ती अख्खी घंटा झुलते आणि लोलक तिच्यावर येऊन आदळतो. अशी झुलणारी ही कित्येक दशके जगातली सर्वांत मोठी घंटा होती. २०११ च्या ६ जानेवारीला, तीन राजांच्याच सणाला, वाजता वाजता तिचा लोलक तुटून खाली पडला, सुमारे आठशे किलोंचा. त्याच वर्षी नवा बसवला. ती रोज वाजत नाही. नाताळ, ईस्टर असे मोजके मोठे सण, आणि पोप किंवा इथले आर्चबिशप वारले तर. इतर दिवशी ती तिथे नुसती असते, आणि तिच्यासमोर उभे राहिले की आपण आपोआप हळू बोलतो.

तिच्या आधी त्या जागी दुसरी होती, २७ टनांची. १८७०-७१ च्या युद्धात फ्रेंचांकडून जिंकलेल्या तोफा वितळवून ती ओतली होती. १९१८ मध्ये युद्धासाठी धातू हवा म्हणून तीही वितळवली. वसईच्या घंटा मेणवलीला कशा आल्या हे चाळीस वर्षे मुलांना सांगणाऱ्या माझ्या वडिलांना त्या घंटाघरात हे ऐकायचे होते. विजयाची लूट म्हणून आलेली घंटा देवळात राहते आणि वाजत राहते, आणि तोफांची केलेली घंटा चव्वेचाळीस वर्षांत पुन्हा युद्धाकडे परत जाते. या दोन गोष्टी शेजारी ठेवून ते काय म्हणाले असते, ते मला ऐकायचे होते. तुमच्या वीस मिनिटांनी ते आम्हा दोघांकडून घेतले.

घंटाघरावरून आणखी वर लोखंडी जिना जातो, सुमारे ९७ मीटरवरच्या सज्जापर्यंत. एकूण पायऱ्या ५३३. वरून खालचे मोठे रेल्वे स्टेशन आणि नदीवरचा पूल खेळण्यासारखा दिसतो. दुसऱ्या महायुद्धात डोमवर चौदा बॉम्ब पडले आणि तो उभा राहिला, भोवतीचे शहर मात्र जमीनदोस्त झाले. वरून पाहिले की हे डोळ्यांना कळते, कारण भोवतीच्या जवळजवळ सगळ्या इमारती नव्या आहेत.

चौथी तक्रार. तुम्ही म्हणाल, आमचे प्रवासी ज्येष्ठ असतात, त्यांना ५३३ पायऱ्या झेपणार नाहीत. हे तुम्ही कुणाला विचारून ठरवले? हीच माणसे पहाटे पर्वती चढतात, दर रविवारी सिंहगड करतात, दत्ताच्या पादुकांसाठी गिरनारच्या दहा हजार पायऱ्या चढून येतात. ज्यांना झेपत नाही त्यांना आपली तब्येत तुमच्याहून जास्त ठाऊक असते. त्यांना आकडा सांगा: पायऱ्या ५३३, लिफ्ट नाही, जिना अरुंद, मध्ये परत फिरणे अवघड. हृदयाचा, दम्याचा, गुडघ्याचा त्रास असेल त्यांनी जाऊ नये. एवढे सांगितल्यावर कुणी वर जायचे आणि कुणी खाली बसायचे हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. आत प्रार्थना चालू असेल तर हिंडायचे नसते, पुरुषांनी टोपी काढायची असते, खायचे-प्यायचे नसते. हे बसमध्येच सांगितले पाहिजे. सांगितले जात नाही, म्हणून लाल झगा घातलेला तिथला रखवालदार येऊन आपल्या कुणा आजोबांना टोपी काढायला सांगतो आणि ते सगळ्यांसमोर ओशाळतात. देवळाबाहेर चप्पल काढण्याची सवय असलेल्या माणसांना हे शिकवायला अर्धा मिनिट पुरतो. त्यांचा अपमान टाळणे तुमच्या हातात आहे.

तुमच्या अडचणी मला माहीत नाहीत असे नाही. चालकाने साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती घ्यावी लागते, दिवसाचे तासही कायद्याने बांधलेले असतात. बस डोमपाशी फार वेळ उभी करता येत नाही. चाळीसपैकी पाच जण हमखास उशिरा येतात. आणि ज्या मराठी माणसांनी कधी विमान पाहिले नव्हते, त्यांना तुम्ही सांभाळून, वेळेवर वरण-भात खाऊ घालून युरोप दाखवलात. माझे आई-वडील तुमच्यासारख्यांमुळेच येऊ शकले, हे मी विसरलेले नाही. म्हणूनच ही तक्रार ग्राहक मंचाकडे न नेता तुमच्याकडे आणली आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

उघडे असलेले काहीही ‘बंद आहे’ असे सांगू नये, आणि ही सूचना प्रत्येक टूर मॅनेजरला लेखी द्यावी.

पत्रिकेत प्रत्येक ठिकाणापुढे किती मिनिटे हे छापावे, आणि आत जाणार की बाहेरून पाहणार, हेही. ‘बाहेरून, २० मिनिटे’ असे छापलेत तर माझी काही तक्रार उरणार नाही. मग माणूस पाहून निवडेल.

कोलोनला किमान अडीच तास द्यावेत. सकाळी आठला आम्सटरडॅम सोडले तर अकराच्या सुमारास बस इथे येते. चालकाची विश्रांती आणि प्रवाशांचे जेवण त्याच वेळेत बसते. जे वर चढणार त्यांनी चढावे. बाकीच्यांना आत बाकांवर बसू द्यावे, ४३ मीटर उंच छताकडे पाहू द्यावे, गेर्हार्ड रिश्टर या चित्रकाराने केलेल्या दक्षिणेकडच्या खिडकीतून रंगीत ऊन फरशीवर कसे पडते ते पाहू द्यावे. मनोऱ्याचे तिकीट प्रवाशाने स्वतः काढले तरी चालेल, त्याचा भार तुमच्यावर नको.

आणि बसमध्ये सांगायला दोन पानी माहिती टूर मॅनेजरच्या हातात असावी, मराठीत. ती लिहून द्यायला मी तयार आहे, मोबदला नको.

२०२३ च्या मे महिन्यात वडील माझ्याकडे आले होते. पेंटेकॉस्टचा सण होता, म्हणजे डेके पिटर वाजणार होता. मी त्यांना दक्षिणेकडच्या चौकात बाकावर बसवले. आधी लहान घंटा सुरू झाल्या, एकेक करून, आणि सर्वांत शेवटी तो. आवाज कानांच्या आधी छातीत येतो. वडिलांनी काठी दोन्ही हातांनी धरली होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मेणवलीची हिच्यापुढे लहान आहे. पण तिला हात लावता येतो.” आणि मला म्हणाले, “तू वर जा. पायऱ्या मोजून ये.”

मी गेले, मोजल्या. खाली येऊन आकडा सांगितला. त्यांनी तो त्यांच्या छोट्या वहीत लिहून घेतला.

पुढच्या उन्हाळ्याच्या पत्रिका तुम्ही दिवाळीच्या सुमारास छापायला देता. त्याआधी हा बदल व्हावा. ज्या कंपन्या तो करतील त्यांनी कळवावे. त्यांचा गट येईल त्या दिवशी मी सुट्टी काढून डोमच्या दाराशी उभी राहीन, आणि त्या काकू परत आल्या तर त्यांच्या प्रश्नाचे उत्तर पुरे करीन.

आपली नम्र,
वाईच्या एका शिक्षकाची मुलगी
मुक्काम कोलोन